द ग्रेट प्रिटेंडर (फ्रेडी मर्क्युरी यांचे गीत)

'द ग्रेट प्रिटेंडर' हे ब्रिटिश गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी १९८७ साली एकल गायक म्हणून प्रकाशित केलेले इंग्लिश गीत आहे. हे मूळ गीत अमेरिकेतील 'द प्लॅटर्स' या कृष्णवर्णीय गायकवृंदाने १९५५ मध्ये गायले होते. त्याचे शब्द आणि चाल बक रॅम यांची आहे. मर्क्युरी यांची आवृत्ती २३ फेब्रुवारी १९८७ रोजी पार्लोफोन या कंपनीने प्रकाशित केली आणि ती ब्रिटनच्या एकल गीतांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. मर्क्युरी यांच्या हयातीत त्यांच्या एकल गीताला मिळालेले हे सर्वांत वरचे स्थान होते.

मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील सातारा जिल्ह्यात, पाचगणी येथे झाले. मूळ गीत अमेरिकेत गाजत होते, त्या काळात ते पाचगणीच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थी होते.

शीर्षक

'प्रिटेंडर' या इंग्लिश शब्दाला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द नाही. मनातले दडवून दुसरेच दाखवणारा तो ढोंगी, आणि लोकांसमोर भूमिका वठवणारा तो सोंगाड्या. इंग्लिश शब्दात या दोन्ही छटा आहेत. जुन्या इंग्लिशमध्ये राजगादीवर हक्क सांगणाऱ्या दावेदारालाही हाच शब्द वापरत, परंतु या गीतात तो अर्थ अभिप्रेत नाही. मूळ गीतात पहिली छटा ठळक आहे. मर्क्युरी यांच्या आवृत्तीत, विशेषतः तिच्या चित्रफितीत, दुसरी छटा पुढे आली. दोन्ही आवृत्त्यांचे शब्द तेच असूनही त्यांचा परिणाम वेगळा होतो, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मूळ गीत

द प्लॅटर्स हा वृंद १९५० च्या दशकाच्या प्रारंभी लॉस एंजेलस येथे उदयास आला. टोनी विल्यम्स हे त्याचे मुख्य गायक होते. डेव्हिड लिंच, पॉल रॉबी, हर्ब रीड आणि झोला टेलर हे इतर सदस्य होते. गीतकार, संगीतकार व संयोजक बक रॅम हे वृंदाचे व्यवस्थापकही होते. रॅम यांच्याकडे त्या वेळी 'द पेंग्विन्स' हा दुसरा एक वृंद होता आणि त्याचे 'अर्थ एंजल' हे गीत लोकप्रिय झाले होते. मर्क्युरी रेकॉर्ड्स या कंपनीला पेंग्विन्सशी करार करायचा होता. सोबत प्लॅटर्सनाही घ्यावे, अशी अट रॅम यांनी घातली. पुढे पेंग्विन्स मागे पडले आणि प्लॅटर्स जगभर पोहोचले. या कंपनीच्या नावाचा आणि फ्रेडी यांच्या आडनावाचा परस्परांशी संबंध नाही.

'ओन्ली यू' हे प्लॅटर्सचे पहिले मोठे यश होते. त्यापाठोपाठ तितकेच प्रभावी गीत हवे म्हणून रॅम यांनी 'द ग्रेट प्रिटेंडर' लिहिले. लास व्हेगासमधील फ्लेमिंगो हॉटेलच्या प्रसाधनगृहात सुमारे २० मिनिटांत ते लिहून झाले, अशी आठवण रॅम सांगत असत. नोव्हेंबर १९५५ मध्ये प्रकाशित झालेले हे गीत १९५६ च्या प्रारंभी अमेरिकेतील 'ऱ्हिदम अँड ब्लूज' आणि सर्वसाधारण लोकप्रिय गीते या दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले. लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारे ते प्लॅटर्सचे पहिलेच गीत ठरले. ब्रिटनमध्ये ते 'ओन्ली यू'सह एकाच तबकडीवर आले आणि पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. १९५६ च्या 'रॉक अराउंड द क्लॉक' या चित्रपटात प्लॅटर्सनी ही दोन्ही गीते सादर केली आहेत.

या दुहेरी यशाला सामाजिक संदर्भ आहे. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय कलावंतांची गीते बहुधा वेगळ्या यादीत व वेगळ्या नभोवाणी केंद्रांवर राहत. एखादे गीत गाजू लागले, की गोऱ्या गायकांकडून ते पुन्हा गाऊन घेऊन मोठ्या बाजारात विकले जाई. 'ओन्ली यू'च्या बाबतीतही 'द हिलटॉपर्स' या श्वेतवर्णीय वृंदाने लगोलग आपली आवृत्ती काढली होती, परंतु प्लॅटर्सची आवृत्ती तिच्याही वर गेली. 'द ग्रेट प्रिटेंडर'ने त्यापुढचा टप्पा गाठला.

गीताचा आशय साधा आहे. प्रेयसी सोडून गेली असताना आपले सर्व काही उत्तम चालले आहे असे निवेदक भासवतो. लोकांत तो हसतो, पण एकटेपण त्याला सोडत नाही, आणि ती अजून जवळच आहे असे तो स्वतःलाही भासवत राहतो. पियानोवर तीन-तीन स्वरांच्या गटांत चालणारी संथ लय, मागे शब्दांविना गुंजणारा वृंद आणि त्यावर हळूहळू चढत जाणारा विल्यम्स यांचा आवाज अशी मूळ रचना आहे. चर्चमधील भक्तिगायन आणि 'ऱ्हिदम अँड ब्लूज' यांच्या मिलाफातून पुढे 'सोल' हा संगीतप्रकार आकाराला आला. प्लॅटर्सची गीते त्याच्या पूर्वपीठिकेत मोडतात. सोल संगीताच्या आद्य गायकांपैकी एक असलेल्या सॅम कुक यांनीही १९६० च्या आपल्या 'हिट्स ऑफ द फिफ्टीज' या संग्रहात हे गीत घेतले होते. 'द बँड' या रॉक समूहाने १९७३ मध्ये, तर डॉली पार्टन यांनी १९८४ मध्ये ते गायले.

पुनर्गायनाची प्रथा

एका कलावंताने ध्वनिमुद्रित केलेले गीत दुसऱ्याने नव्याने ध्वनिमुद्रित करणे याला पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात 'कव्हर' म्हणतात. मराठी श्रोत्यांना ही कल्पना अपरिचित नाही. एकच अभंग अनेक गायक आपापल्या चालीत गातात. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची नाट्यपदे वसंतराव देशपांडे यांनी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवली. मात्र अभंग किंवा नाट्यपद हे मुळातच अनेकांनी गायचे असते. लोकप्रिय संगीतात गीत आणि त्याचा पहिला आवाज यांची ओळख एकरूप झालेली असते, त्यामुळे नवी आवृत्ती काढणाऱ्याला त्या पहिल्या आवाजाशी तुलना सोसावी लागते.

फ्रेडी मर्क्युरी आणि पाचगणी

फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बुलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या इंग्लिश माध्यमाच्या निवासी शाळेत पाठवण्यात आले. 'फ्रेडी' हे नाव त्यांना याच शाळेत मित्रांकडून मिळाले. 'मर्क्युरी' हे आडनाव त्यांनी नंतर, १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये धारण केले.

शाळेत त्यांनी पियानोचे रीतसर शिक्षण घेतले. १९५८ च्या सुमारास त्यांनी चार शाळासोबत्यांसह 'द हेक्टिक्स' हा वाद्यवृंद स्थापन केला. ब्रूस मरे, डेरिक ब्रँच, फारंग इराणी आणि व्हिक्टरी राणा हे त्यांचे साथीदार होते. पुढे ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले, तर राणा नेपाळच्या सैन्यात उच्च पदापर्यंत पोहोचले. या वृंदात मर्क्युरी पियानो वाजवत. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची गाजलेली गीते हे मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. म्हणजेच मर्क्युरी यांच्या संगीतजीवनाची सुरुवातच इतरांची गीते गाण्या-वाजवण्यातून झाली. त्या काळात भारतात अशी गीते मुख्यतः तबकड्यांमधून आणि रेडिओ सिलोनच्या इंग्लिश प्रसारणातून ऐकायला मिळत. लता मंगेशकर यांच्या गायनाचाही त्यांच्यावर लहानपणी प्रभाव होता, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या चरित्रात्मक लेखनात आढळतो.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले. तेथे ईलिंग येथील कलामहाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर मर्क्युरी १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह 'क्वीन' या रॉक समूहाचे गायक झाले.

पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकी गीतांची ओढ मर्क्युरी यांच्या कारकिर्दीत वारंवार दिसते. क्वीनचा पहिला संग्रह प्रकाशित होण्याच्या सुमारास, १९७३ मध्ये, त्यांनी 'लॅरी ल्युरेक्स' या टोपणनावाने 'आय कॅन हिअर म्युझिक' हे गीत गायले होते. ते मुळात 'द रॉनेट्स' या कृष्णवर्णीय गायिकांच्या वृंदाचे. ॲरेथा फ्रँकलिन या सोल गायिकेचे ते चाहते होते. १९७६ च्या 'समबडी टू लव्ह' या त्यांच्या रचनेवर चर्चमधील समूहगायनाची छाप स्पष्ट आहे. १९८६ च्या युरोप दौऱ्यात क्वीनने लिटल रिचर्ड यांचे 'टुटी फ्रुटी' मैफलीत सादर केले. ते गीतही १९५५ सालचेच, म्हणजे हेक्टिक्सच्या काळातल्या संग्रहातले.

हा दौरा ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे संपला आणि क्वीनच्या सदस्यांनी काही काळ विश्रांती घेतली. 'मिस्टर बॅड गाय' (१९८५) हा मर्क्युरी यांचा पहिला एकल संग्रह विक्रीच्या दृष्टीने अपेक्षेइतका यशस्वी ठरला नव्हता. याच काळात डेव्ह क्लार्क यांच्या 'टाइम' या संगीतिकेच्या निमित्ताने त्यांचा पियानोवादक व संयोजक माइक मोरान यांच्याशी परिचय झाला. 'द ग्रेट प्रिटेंडर' गाण्याची इच्छा आपल्या मनात बऱ्याच काळापासून होती, असे मर्क्युरी यांनी मुलाखतीत सांगितले होते. आपण रंगमंचावर जे करतो त्याला हे शीर्षक नेमके लागू पडते, असेही त्यांचे म्हणणे होते.

ध्वनिमुद्रण आणि संगीतरचना

गीताचे ध्वनिमुद्रण लंडनमधील टाउनहाउस स्टुडिओत झाले. निर्मितीची जबाबदारी मर्क्युरी, मोरान आणि ध्वनिमुद्रक डेव्हिड रिचर्ड्स यांनी संयुक्तपणे सांभाळली. रिचर्ड्स यांनी क्वीनच्या ध्वनिमुद्रणांवरही काम केले होते.

मर्क्युरी यांच्या आवृत्तीत मूळ चाल, शब्द आणि तीन-तीन स्वरांची संथ लय कायम ठेवली आहे. बदल झाला तो आवाका आणि आवेश यांत. प्लॅटर्सच्या मोजक्या वाद्यांच्या जागी येथे की-बोर्डवर उभारलेला भरघोस वाद्यमेळ आहे आणि पार्श्वगायनाचे थर एकावर एक रचलेले आहेत. विल्यम्स यांचा आवाज दुःख आवरून धरणाऱ्या माणसाचा वाटतो. मर्क्युरी यांचे गायन संयत सुरुवातीनंतर उघडपणे नाट्यमय होत जाते आणि शेवटाकडे ऑपेराच्या जवळ पोहोचते. त्यामुळे गीताच्या निवेदकाला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव आहे, असा भास निर्माण होतो.

चित्रफीत

गीताच्या चित्रफितीचे दिग्दर्शन डेव्हिड मॅलेट यांनी केले. क्वीनच्या 'रेडिओ गा गा' आणि 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' या चित्रफितीही त्यांच्याच होत्या. या चित्रफितीसाठी मर्क्युरी यांनी १९८० पासून आपली ओळख बनलेली मिशी काढून टाकली.

चित्रफितीत मर्क्युरी आपल्याच जुन्या रूपांचे विडंबन करतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह', 'इट्स अ हार्ड लाइफ', 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री' इत्यादी गीतांतील वेशभूषा व दृश्ये त्यांनी पुन्हा उभी केली. गुलाबी सूट घातलेले मर्क्युरी पायऱ्यांवरून उतरत असताना भोवती त्यांच्याच पुठ्ठ्याच्या प्रतिकृती उभ्या दिसतात. पार्श्वगायिका म्हणून स्त्रीवेषात स्वतः मर्क्युरी, क्वीनचे ढोलवादक रॉजर टेलर आणि गायक पीटर स्ट्रेकर वावरतात. मूळ गीतातला एकटा प्रियकर येथे दिसत नाही. त्याच्या जागी पंधराएक वर्षांत घेतलेली सोंगे एकेक करून प्रेक्षकांसमोर मांडणारा नट आहे.

प्रकाशन आणि प्रतिसाद

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी प्रकाशित झालेले हे गीत ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोहोचले. तोपर्यंतच्या मर्क्युरी यांच्या एकल गीतांपैकी 'लव्ह किल्स' (१९८४) दहाव्या, तर 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' (१९८५) अकराव्या क्रमांकापर्यंत गेले होते. मर्क्युरी स्वतः यशस्वी गीतकार असूनही त्यांच्या हयातीतील सर्वाधिक यश मिळवणारे एकल गीत दुसऱ्याने लिहिलेले होते, ही बाब उल्लेखनीय आहे.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूस 'एक्सरसायझेस इन फ्री लव्ह' ही मर्क्युरी व मोरान यांची रचना होती. तिच्यात अर्थपूर्ण शब्द नाहीत. पियानोच्या साथीने मर्क्युरी उंच, कृत्रिम स्वरात आलापासारखे गातात. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोना येथे मर्क्युरी यांची स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात कबाये यांच्याशी भेट झाली, तेव्हा त्यांनी ही रचना त्यांना ऐकवली. कबाये यांनी त्याच महिन्यात लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधील आपल्या कार्यक्रमात ती गायली. या भेटीतून 'बार्सिलोना' हे गीत (१९८७) आणि त्याच नावाचा संग्रह (१९८८) निर्माण झाला. मूळ शब्दविरहित रचना त्या संग्रहात 'एन्सुएन्यो' या नावाने नव्या रूपात आली.

अर्थनिर्णय

मर्क्युरी यांचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे एड्सशी संबंधित न्युमोनियाने निधन झाले. आपल्याला एड्स असल्याचे निवेदन त्यांनी केवळ एक दिवस आधी प्रसिद्ध केले होते. त्यानंतर 'द ग्रेट प्रिटेंडर' हे गीत आजार लपवणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब म्हणून ऐकले जाऊ लागले. कालक्रम पाहता या अर्थाला आधार मिळत नाही. मर्क्युरी यांचे सहचर जिम हटन यांच्या आठवणींनुसार आजाराचे निदान एप्रिल १९८७ च्या अखेरीस झाले. गीत त्याआधीच ध्वनिमुद्रित होऊन प्रकाशित झाले होते.

मर्क्युरी यांनी स्वतः या गीताचा संबंध रंगमंचाशी जोडला होता. प्रेक्षकांना दिसणारा रुबाबदार, बेदरकार पुरुष ही आपण वठवलेली भूमिका आहे, असे ते मुलाखतींमध्ये सांगत. आपले बालपण, पारशी घराणे, पाचगणीतील दिवस आणि खासगी आयुष्य यांविषयी ते सार्वजनिकरीत्या फारच कमी बोलत. त्यामुळे हे गीत त्यांच्या जीवनाशी जोडून ऐकण्याचा मोह स्वाभाविक ठरतो. तथापि चित्रफितीचा स्वर कबुलीपेक्षा थट्टेकडे झुकणारा आहे. सोंग काढून टाकण्याऐवजी ते सोंग असल्याचे ती मोकळेपणाने दाखवते.

प्लॅटर्सच्या संदर्भात हेच गीत निराळ्या रीतीने वाचता येते. वर्णभेदाच्या काळात गोऱ्या श्रोत्यांसमोर उत्तम पोशाखात, हसतमुखाने सादरीकरण करणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तोंडी हसरा मुखवटा घातलेल्या माणसाचे शब्द होते. गीतात त्याचा उल्लेख कोठेही नाही. असे असले तरी गाणारा कोण आहे, यावर परिचित शब्दांचा अर्थ किती अवलंबून असतो, हे या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या असता लक्षात येते.

वारसा

मर्क्युरी यांच्या निधनानंतर १९९२ मध्ये त्यांच्या एकल गीतांचे संकलन प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये त्याचे नाव 'द फ्रेडी मर्क्युरी आल्बम', तर अमेरिकेतील आवृत्तीचे नाव 'द ग्रेट प्रिटेंडर' असे होते. दिग्दर्शक ऱ्हिस थॉमस यांनी २०१२ मध्ये मर्क्युरी यांच्या एकल कारकिर्दीवर केलेल्या माहितीपटालाही 'फ्रेडी मर्क्युरी : द ग्रेट प्रिटेंडर' हेच नाव देण्यात आले. त्याला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याने, दुसऱ्या वृंदासाठी लिहिलेल्या गीताचे शीर्षक अशा प्रकारे मर्क्युरी यांचे जणू बिरुदच बनले.

प्लॅटर्स यांचा समावेश १९९० मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये करण्यात आला. त्यांचे मूळ ध्वनिमुद्रण २००२ मध्ये 'ग्रॅमी हॉल ऑफ फेम'मध्ये समाविष्ट झाले.

हे सुद्धा पहा

पाचगणी
क्वीन (वाद्यवृंद)
द प्लॅटर्स
सोल संगीत
मोन्सेरात कबाये